सॉफ्टवेअरचं नाव, चिन्ह आणि रूप: कोणत्या क्रमाने ठरवायचं?

बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी लोगो, मग रंग, मग त्या लोगोला शोभेल असं नाव. ॲप तयार झालं की शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी आठवतं, की हे नाव आपल्याला मिळेल का ते बघायचं राहिलंच. तोवर व्हिजिटिंग कार्डं छापून आलेली असतात.

माणूस सॉफ्टवेअर वापरण्याआधीच त्याच्याबद्दल मत बनवतो. हे सरकारी असेल, फुकट असेल, पैसे बुडवेल, आपल्यासाठी नसेल, हे सगळं तो नाव ऐकून आणि चिन्ह बघून ठरवतो. म्हणून आधी कान, मग कागदपत्रं आणि सर्वांत शेवटी डोळा, असा क्रम ठेवा. खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे: गावातल्या दूध डेअरीचा हिशोब ठेवणारं एक कल्पित ॲप. सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं, फॅट (दुधातला स्निग्धांश) लागायची, दहा दिवसांनी पगार, म्हणजे दुधाचे पैसे. तुमचं सॉफ्टवेअर दवाखान्याचं किंवा सोसायटीचं असलं तरी क्रम बदलत नाही.

## तयारी: काय जवळ हवं

डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडू नका. पहिला आठवडाभर तरी नकोच. जवळ ठेवा एक वही, दोन-तीन वर्षं वापरलेला एक स्वस्त फोन (काचेला तडा असेल तर उत्तमच), आणि ज्यांच्यासाठी ॲप बनवताय अशी दहा माणसं. मित्र आणि सहकारी या दहांत धरायचे नाहीत. ते तुम्हाला दुखवणार नाहीत, त्यामुळे या कामाला निरुपयोगी आहेत.

वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा: हे ॲप कुणाचं कोणतं काम करतं? वाक्यात ‘व्यवस्थापन’, ‘सोल्यूशन’ किंवा ‘प्लॅटफॉर्म’ आलं तर खोडून पुन्हा लिहा. आमचं वाक्य असं: ‘दूध घालणाऱ्याला आज किती लिटर लागलं, फॅट किती लागली आणि पगार किती होणार, हे फोनवर दिसतं.’

## पायरी १: लोकांचे शब्द गोळा करा

डेअरीवर सकाळी जाऊन तासभर उभे राहा आणि कानावर पडेल ते लिहून घ्या. ‘दुग्ध संकलन’ हा शब्द फक्त पाटीवर असतो. तोंडात असतं ‘दूध घालणं’. ‘देयक’ कुणी म्हणत नाही. बिल म्हणतात, किंवा सरळ ‘पगार’. ही यादी दोनदा उपयोगी पडते, आत्ता नावासाठी आणि पुढे बटणांवरच्या मजकुरासाठी.

नावाचा बाज बघून लोक त्यामागचा माणूस ओळखतात. संस्कृत वळणाचं नाव ऐकलं की तालुक्याचं ऑफिस डोळ्यांसमोर येतं: फॉर्म भरा, उद्या या. इंग्रजी नाव असलं की महिन्याला पैसे कापणार असं वाटतं. घरगुती शब्द जवळचा वाटतो, पण पैशांचा मामला असेल तर ‘हे टिकेल का’ ही शंकाही तोच आणतो. यातलं कोणतंही वाईट नाही. तुम्हाला कोणता अंदाज हवा आहे, तेवढं मात्र ठरवून घ्या.

गुगलने २०१७ च्या सप्टेंबरात भारतात पेमेंटचं ॲप आणलं, ते ‘तेज’ या नावाने. कंपनीचं नाव मागे, देशी शब्द पुढे. वर्षभरात, ऑगस्ट २०१८ मध्ये, तेच ‘गुगल पे’ झालं, कारण जगभरातल्या पेमेंट सेवा एका नावाखाली आणायचं कंपनीने ठरवलं होतं. आता लोक काय म्हणतात? ‘जीपे कर.’ दोन अक्षरं आणि एक क्रियापद. ‘भीम’चंही तसंच. भारत इंटरफेस फॉर मनी हे लांब नाव किती वापरणाऱ्यांना माहीत असेल? नाव चालतं ते ‘भीम’ या दोन अक्षरांवर आणि त्यामागच्या बाबासाहेबांच्या आठवणीवर.

तपासा: तुमचं एक वाक्य दहांपैकी एकाला वाचून दाखवा. ‘म्हणजे काय?’ असं विचारलं, तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: वीस नावं लिहा, पंधरा खोडा

नावं ढोबळमानाने तीन प्रकारची. काम सांगणारं (‘दूध हिशोब’), चित्र उभं करणारं (‘किटली’), आणि घडवलेलं, ज्याला आधी अर्थच नाही. काम सांगणारं नाव लगेच कळतं, पण ते तुमचं एकट्याचं होत नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार निव्वळ वर्णन करणाऱ्या शब्दांची नोंदणी नाकारली जाऊ शकते. उद्या शेजारच्या तालुक्यातून ‘दूध हिशोब प्लस’ आलं, तर तुम्ही फारसं काही करू शकणार नाही. घडवलेलं नाव कायद्याच्या दृष्टीने भक्कम, पण ते लोकांच्या तोंडी बसवायला जाहिरातीचे पैसे लागतात. ते आपल्याकडे नाहीत, असं धरून चालू. मराठीत छोट्या सॉफ्टवेअरला मधला प्रकार बरा: ओळखीच्या वस्तूचं नाव, पण वेगळ्या कामाला.

स्मार्ट, ई, डिजी आणि माय ही उपपदं खोडा. ‘महा’ तर नक्कीच खोडा. ‘महादूध’ ऐकलं की लोकांना शासनाची योजना वाटते आणि अनुदान कधी येणार म्हणून फोन येतात. शासनाशी संबंध असल्याचा भास निर्माण करणारी ॲप्स प्ले स्टोअरच्या नियमांतही बसत नाहीत. राष्ट्रीय चिन्हं आणि काही नावं यांच्या व्यापारी वापरावर १९५० च्या कायद्याने बंधन आहे, ते वेगळंच.

आमच्या यादीत शेवटी उरली पाच: चरवी, धार, धारोष्ण, दूधगंगा, किटली.

‘दूधगंगा’ लगेच गेली. कोल्हापूरकडे ती नदी आहे, आणि नदीच्या नावावर सगळ्यांचाच हक्क.

## पायरी ३: कानाची परीक्षा

नेमकी हीच पायरी लोक गाळतात, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्याकडे ॲपचं नाव जाहिरातीपेक्षा तोंडी पसरतं. डेअरीवर गोंगाट असतो, फोनवर खरखर, आणि कुणीतरी म्हणतं, ‘ते अमुक ॲप टाकून घे.’ ऐकणारा ते स्टोअरमध्ये शोधतो. शोधताना बहुधा रोमन अक्षरांत टाइप करतो किंवा बोलून शोधतो. नाव मराठी, टायपिंग इंग्रजी. घोळ नेमका या सांध्यात होतो.

चाचणी अशी घ्या. दहा जणांना एकेक करून फोन लावा. नाव एकदाच, वाक्यात गुंफून सांगा. पुन्हा उच्चारू नका. मग ते शोधून दाखवायला सांगा आणि त्यांनी काय टाइप केलं त्याचा स्क्रीनशॉट मागवा. आठ जणांचं स्पेलिंग एकसारखं किंवा एका अक्षराने वेगळं आलं, तर नाव पास. आठ हा आकडा माझा आहे. सात चालतील, पाच चालणार नाहीत.

‘चरवी’ इथे नापास होते. फोनवर तिची ‘चरबी’ होते. डेअरीत, जिथे फॅटवरून रोज वाद असतो, तिथे हा विनोद परवडणारा नाही. ‘धारोष्ण’ सुंदर शब्द आहे, मला मनापासून आवडतो, पण तो रोमन लिपीत एकसारखा लिहिणारी दोन माणसं मिळाली तर सांगा. ‘धार’ छोटं आणि खणखणीत आहे, पण शोधलं की मध्य प्रदेशातलं शहर पुढे येतं. ‘किटली’चीही दोन-तीन स्पेलिंगं निघतील, पण ती एकमेकांच्या जवळची.

ळ, ण, ज्ञ, क्ष आणि ऱ्ह असलेल्या नावांना जास्त कठोर परीक्षा लावा. ‘खळं’ रोमनमध्ये पाच तऱ्हांनी लिहिता येतं, त्यातल्या तीन तऱ्हा वाचणारा ‘खाला’ वाचेल.

दुसरी चाचणी विभक्तीची. इंग्रजीत नाव जसंच्या तसं राहतं, मराठीत ते वाक्यात शिरताना वाकतं. नाव ‘मळा’ ठेवलं, तर लोक म्हणणार ‘मळ्यात बघ’. ऐकणारा ‘मळ्या’ शोधणार. ‘धार’चं ‘धारेत’ होतं. ‘किटली’ मात्र ‘किटलीत’, ‘किटलीवर’, ‘किटलीने’ अशी कुठेही साबूत राहते. नावापुढे त, वर, ला, ने, चा हे पाच प्रत्यय लावून मोठ्याने म्हणा. नाव मोडत असेल तर तो दोष नोंदवा. शिवाय लिंग ठरवून टाका. ‘ती किटली’ की ‘ते किटली ॲप’? तुम्ही मदतीच्या पानावर एक लिहाल आणि नोटिफिकेशनमध्ये दुसरं, तर लोकांना दोन वेगळ्या गोष्टी वाटतील.

सावध: नावात ‘ॲ’ असेल तर तो संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत) २००८ साली आलं. दुसरी जुनी तऱ्हा म्हणजे ‘अ’ला वरून चंद्र जोडणं. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधाच्या लेखी वेगळे. एक ठरवा, तोच सगळीकडे वापरा, आणि तुमच्या ॲपमधल्या शोधपट्टीला दोन्ही समजतील अशी सोय करा. डोळ्यांना दोष दिसत नाही, म्हणून तो सापडायला महिनोन्महिने लागतात. माझे लागले आहेत.

## पायरी ४: नाव मिळतंय का ते बघा

आता कागदपत्रं. हे लोगोच्या आधी करायचं, कारण मोठ्यांचंही इथे चुकलं आहे. फायरफॉक्स हा ब्राउझर २००२ मध्ये ‘फिनिक्स’ होता. ते नाव दुसऱ्या कंपनीशी भिडलं, म्हणून २००३ मध्ये ‘फायरबर्ड’ झाला. ते एका डेटाबेस प्रकल्पाचं निघालं, म्हणून २००४ मध्ये ‘फायरफॉक्स’. मायक्रोसॉफ्टचं ‘स्कायड्राइव्ह’ ब्रिटनमधल्या स्काय या प्रसारण कंपनीपुढे कोर्टात हरलं आणि २०१४ मध्ये ‘वनड्राइव्ह’ झालं. नेटवर्कवरची ये-जा तपासणाऱ्या ‘इथेरियल’ची गोष्ट निराळी. ते बनवणारा माणूस नोकरी बदलून गेला, सॉफ्टवेअर बरोबर नेता आलं, नाव नेता आलं नाही. २००६ पासून ते ‘वायरशार्क’ आहे. तुम्ही नोकरीत असताना फावल्या वेळात ॲप करत असाल, तर हे शेवटचं उदाहरण दोनदा वाचा.

शोधायचं या क्रमाने:

1. भारतीय ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावरचा सार्वजनिक शोध. तो फुकट आहे. वर्ग ९ (डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर) आणि वर्ग ४२ (सॉफ्टवेअर सेवा) हे दोन्ही बघा. शब्दाचा शोध झाला की उच्चाराचा पर्यायही चालवा, कारण सारखं ऐकू येणारं नावही आड येतं. दुधाशी संबंध असेल तर दुग्धजन्य पदार्थांचा वर्ग २९ सुद्धा चाळा.
2. प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर, मराठी आणि रोमन दोन्ही लिप्यांत.
3. डोमेन. तिसऱ्या पायरीत लोकांनी केलेली सगळी स्पेलिंगं बघा, फक्त तुमचं आवडतं नको.

नाव मोकळं दिसलं तर टीएम-ए हा अर्ज ऑनलाइन भरता येतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर प्रत्येक वर्गाला ₹४,५००, इतरांना ₹९,०००. अर्ज तपासून झाला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो, मग चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे वाढवता येते. अर्ज केल्यावर नावापुढे टीएम लावा. वर्तुळातला आर मात्र नोंदणी हातात आल्यावरच, त्याआधी तो लावणं कायद्याला धरून नाही. जवळपास सारखं नाव आधीच दिसलं, तर इथून पुढे वकिलाचं काम.

सावध: अँड्रॉइड ॲपचा पॅकेज आयडी (स्टोअरच्या लेखी ॲपची तांत्रिक ओळख) एकदा प्रसिद्ध केला की बदलत नाही. त्यात कामचलाऊ नाव किंवा जुन्या कंपनीचं नाव घालून ठेवलंत, तर ते स्टोअरच्या पत्त्यात कायमचं दिसत राहील. नाव पक्कं होईपर्यंत स्टोअरवर काही चढवू नका.

## पायरी ५: चिन्ह

आता डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडा.

आधी मापं. प्ले स्टोअरला ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चिन्ह लागतं, ॲपलला १०२४ बाय १०२४. फोनवरच्या अँड्रॉइड चिन्हाचा कागद १०८ डीपीचा (डीपी हे अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप), पण प्रत्येक कंपनी तो आपापल्या आकारात कापते, कुणी गोल, कुणी चौकोनी. म्हणून मुख्य आकृती मधल्या ६६ डीपीत बसवा. किटलीची कडी कापली गेली की ती बादली दिसते.

चिन्हात देवनागरी अक्षर वापरायचं असेल तर बिनमात्रेचं, सुटं अक्षर घ्या. ‘कि’ची वेलांटी छोट्या आकारात शिरोरेघेला चिकटून ठिपका होते. जोडाक्षराचा तर गठ्ठाच. आणि पूर्ण नाव चिन्हात कोंबू नका, ते खाली लिहिलेलं असतंच.

मग पाच परीक्षा: (अ) हात लांब करून, उन्हात. (आ) बाकीच्या वीस चिन्हांच्या गर्दीत. (इ) गडद वॉलपेपरवर आणि गणपतीच्या फोटोवर, कारण निम्म्या फोनांवर तोच असतो. (ई) फोन काळा-पांढरा करून. (उ) थर्मल प्रिंटरच्या चिठ्ठीवर. ही शेवटची शहरातल्या डिझायनरला सुचत नाही. डेअरीवरची पावती अरुंद आणि एकरंगी असते. छटांचं चिन्ह तिथे काळा डाग होतं.

शेवटी ते अशा पाच जणांना दाखवा ज्यांना काहीच सांगितलेलं नाही, आणि ‘यात काय दिसतंय?’ एवढंच विचारा. ऑनलाइन कपडे विकणाऱ्या मिंत्राच्या चिन्हात स्त्रियांना अपमानास्पद वाटेल असं काही दिसतं, अशी तक्रार मुंबईत सायबर पोलिसांकडे गेली आणि २०२१ च्या सुरुवातीला कंपनीला ते बदलावं लागलं. तोवर ते वर्षानुवर्षं कोट्यवधी फोनांवर होतं. बनवणाऱ्याला स्वतःचं चिन्ह दिसेनासं होतं, हे नेहमीचंच.

आमच्या किटलीची अडचण वेगळी निघू शकते: चहाची किटली. तिघांनी ‘चहा’ म्हटलं तर नाव बदलायची घाई नको. तोटी काढा, झाकण आणि कडी ठळक करा, पुन्हा विचारा.

## पायरी ६: अक्षर, रंग, बटणं

रंगाबद्दल थोडक्यात. गावात रंगांना पक्ष असतात. भगवा, निळा, हिरवा यांतला एकच रंग पूर्ण पडदाभर पसरला, तर ‘हे कुणाचं ॲप?’ हा प्रश्न येतो, आणि तो सॉफ्टवेअर कंपनीबद्दल नसतो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५ ला १ ठेवा. जमा-नावे फक्त हिरव्या-लाल रंगाने दाखवू नका, शब्दही लिहा. काहींना त्या दोन रंगांतला फरक दिसत नाही.

फाँटचा घोळ मोठा. इंग्रजी पडदा आधी आखला आणि मग त्यात मराठी ओतली की वरची रफार-मात्रा आणि खालचा उकार छाटले जातात. देवनागरीला ओळींमध्ये जास्त जागा लागते, ती मराठी मजकूर टाकूनच ठरवा. ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे दोन्ही विनामूल्य मिळतात आणि छोट्या आकारात वाचता येतात. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी. काही फाँटांत दोन्ही असतात, पण भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये सांगितल्याशिवाय मराठी वळण उमटत नाही. ते राहिलं की वाचणाऱ्याला दोष सांगता येत नाही, पण ‘हिंदीतून केलंय’ असं वाटतं.

तपासा: ‘ट्रॅक्टर, कुऱ्हाड, वर्षू, काँग्रेस, ल, श’ एवढं लिहून पडद्यावर बघा. काही छाटलं, फुटलं किंवा चंद्र-टिंब घसरलं, तर फाँट किंवा ओळींची उंची बदला.

बटणांसाठी पहिल्या पायरीची वही काढा. ‘प्रस्तुत करा’ नको, ‘पाठवा’. एक सापळा तर जवळपास प्रत्येक मराठी ॲपमध्ये सापडतो: ‘नोंद रद्द करायची?’ आणि खाली दोन बटणं, ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. नोंद रद्द, की रद्द करणं रद्द? बटणावर कृती लिहा: ‘नोंद काढा’, ‘राहू द्या’.

## पायरी ७: ‘छान आहे’च्या पलीकडे

जपानमध्ये १९९५ साली कुरोसू आणि काशिमुरा या दोघांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ लोकांना दाखवल्या. ज्या दिसायला सुंदर, त्याच वापरायला सोप्या असतील असं लोकांनी धरलं. खरंच किती सोप्या आहेत याच्याशी त्या मताचा संबंध कमी होता. म्हणजे रूप चांगलं असेल तर चाचणीत तुमचे दोष झाकले जातात. त्यात आपली माणसं भिडस्त. समोर बसून ‘कसं वाटलं?’ विचारलंत तर ‘छान आहे की’ हेच उत्तर येणार.

म्हणून मत विचारू नका. पहिला पडदा पाच सेकंद दाखवा, फोन उलटा ठेवा आणि चार प्रश्न विचारा: हे कशासाठी आहे? कुणी बनवलं असेल? पैसे लागत असतील का? यात तुम्ही बँकेचा खातेनंबर टाकाल का? मग एक काम द्या: ‘गेल्या मंगळवारची संध्याकाळची फॅट शोधा.’ आणि गप्प बसा. हे सगळ्यांत अवघड.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘सरकारने’ आलं तर पायरी २ कडे जा. चौथ्याचं ‘नाही’ आलं तर नाव बदलू नका, आधी पडद्यावर डेअरीचं नाव, सचिवाचा नंबर आणि पत्ता टाकून बघा. विश्वास बऱ्याचदा तेवढ्यावर अडलेला असतो.

## पायरी ८: स्टोअरवर, आणि पुढे कधी बदललंच तर

प्ले स्टोअरवर नावाला ३० अक्षरं, लहान वर्णनाला ८०. मोजताना काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातलं हलन्त ही प्रत्येकी वेगळी धरा. ‘किटली: दुधाचा हिशोब’ १९ मध्ये बसतं. नावात ‘नंबर १’, ‘बेस्ट’, ‘फ्री’ किंवा इमोजी घालू नका, नियमांत बसत नाही. रोमन स्पेलिंगं वर्णनाच्या वाक्यांत सहज आली तर येऊ द्या, नुसती यादी चिकटवू नका.

पुढे कधी नाव बदलावं लागलं, तर नाव, चिन्ह आणि मांडणी एकाच दिवशी बदलू नका. लोक ॲप वाचून उघडत नाहीत. अंगठा सवयीच्या जागी जातो आणि रंग ओळखतो. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण काढलं आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत ठेवलं. तेव्हा आधी नाव बदला, चिन्ह तेच ठेवा. उघडल्यावर दोन-तीन महिने ‘पूर्वीचं अमुक’ अशी ओळ दाखवा. मग चिन्ह. मांडणी सगळ्यांत शेवटी, आणि तीही एका वेळी एक पडदा.

आणि तारीख बघा. कोणताही बदल पगाराच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी सोडू नका. त्या सकाळी शंभर जण फोन उघडून आकडा शोधत असतात, आणि चिन्ह सापडलं नाही तर ते स्टोअरकडे नाही, डेअरीच्या खिडकीकडे येतात. पगार वाटून झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी सोडा, संध्याकाळच्या दुधाच्या आधी. आणि त्या संध्याकाळी तुम्ही स्वतः खिडकीपाशी उभे राहा.